गाडीला आवतन

१

केळापूरच्या वामनराव गावंड्यांकडे सकाळी चहाच्या आधी गाडी पुसली जाते. आधी शेडाचं टिनाचं दार वाजतं, मग बादली, मग फडकं पिळल्याचा आवाज, आणि मग सुरू होतं वामनरावांचं गाडीशी बोलणं. बैल होते तेव्हा ते बैलांशी बोलायचे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, पण ट्रॅक्टरशी काही त्यांचं सूत जुळलं नाही. त्या मुक्या झालेल्या गोठ्यात ही गाडी येऊन उभी राहिली आणि माणूस पुन्हा बोलता झाला.

गाडी काही साधीसुधी नव्हती. वामनराव शाळेत होते तेव्हा पांढरकवड्याच्या एका जिनिंगवाल्या शेठजींकडे तसली गाडी होती. काळपट हिरवी, गोल पाठीची, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज करणारी. कापसाच्या बैलबंड्यांच्या रांगेत उभं राहून त्यांनी ती पाहिली आणि मनात बसली ती बसलीच. त्यांचा एकुलता एक मुलगा रजत न्यूझीलंडला दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या माघारी त्याच्या शेडातलं सामान विकायला निघालं, त्यात रजतला हुबेहूब तीच गाडी दिसली. जुन्या गाड्या बाहेरून आणायचे नियम आता सैल झालेत म्हणे. मग कागदपत्रं, परवाने, बोटीची वाट पाहणं असं बरंच रामायण झालं आणि अखेर गाडी निघाली.

“पोरानं गाडी पाठोली, सोता काई आला नाई,” असं वामनरावांच्या पत्नी तानाबाई म्हणायच्या. त्यांना गाडीचं कौतुक नव्हतं असं नाही, पण रजत गेल्यापासून त्यांचं कशातच मन लागत नव्हतं. दोघांसाठी कायले एवढं रांधायचं, म्हणून खिचडी टाकायच्या आणि ताटात चिवडत बसायच्या. अंगावरचं मांस उतरलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. वामनरावांना रात्रंदिवस एवढी एकच काळजी होती, आणि गाडी आणण्यामागे घरात काहीतरी नवं येईल हाही एक हिशेब होता.

नागपूरच्या कंटेनर डेपोत सील तुटलं तेव्हा वामनराव समोरच उभे होते. आत औषधाची धुरी दिलेली, त्यामुळे मुंगीसुद्धा जिवंत राहिली नसती. त्यांनी गाडीचं दार उघडून पाहिलं, तर मागची डावी सीट खोल दबलेली होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. त्यांनी ती हाताने थोपटून वर आणली. इतक्या दिवसांची आस पुरी होत असताना असल्या गोष्टीकडे कोण लक्ष देतो?

२

पहिले काही आठवडे वामनराव हवेतच होते. संध्याकाळी गाडी काढायची, पांढरकवड्यापर्यंत जायचं, हायवेच्या कडेला चहा घ्यायचा. हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले हॉर्न मारून सलाम ठोकायचे, पोरं फोटो काढायची, आणि वामनराव आपल्याला काहीच कळत नाही असा चेहरा करून बशीतला चहा भुरकायचे.

एका सकाळी पुसता पुसता ते मागे सरकले आणि तसेच थांबले. मागून पाहिलं तर गाडी डाव्या अंगाला झुकलेली होती. फार नाही, पण ज्या माणसाने जन्मभर बैलाचा उतरलेला खांदा लांबून ओळखला, त्याच्या नजरेतून हे कसं सुटणार? त्यांनी आत पाहिलं. मागची डावी सीट पुन्हा दबलेली.

पांढरकवड्यात हाफिजमियाँचं ट्रकचं गॅरेज आहे. त्यांच्या वडिलांनी शेठजींच्या गाडीला हात लावलेला, त्यामुळे ही गाडी आपल्या घरचीच असल्यासारखे ते तिच्याभोवती फिरले. जॅकवर चढवली, खालचे स्प्रिंगचे पाटे साफ करून पाहिले. दोन्हीकडचे सारखे.

“पाट्यात काई नाई भाऊ,” ते फडक्याला हात पुसत म्हणाले. “रिकामी गाडी अशी बसत नाई. मांगं काई वजन ठेवता का?”

वामनरावांनी सांगितलं की स्टेपनीशिवाय काही नाही. तरी हाफिजमियाँनी समाधानासाठी डावीकडे एक पाटा वाढवून दिला. गॅरेजच्या सपाट फरशीवर गाडी अगदी सरळ उभी राहिली. दोघांनी खाली वाकून, डोळा बारीक करून खात्री केली आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडात गाडी पुन्हा डावीकडे झुकलेली होती. वामनरावांनी डोकं चालवलं. हा जुना गोठा, याची जमीन नालीकडे उतार देऊनच घडवलेली. झुकणारच की! स्वतःवरच हसत त्यांनी गाडी बाहेर काढली आणि तोंड उलटीकडे करून आत लावली. आता उतार उजव्या अंगाला आला. त्यांनी मागे जाऊन पाहिलं. गाडी उताराच्या उलट, डावीकडेच झुकलेली होती. आत कुठेतरी सीटची एक स्प्रिंग बारीकशी वाजली आणि थांबली.

वामनराव बराच वेळ हातातलं फडकं पिळत उभे राहिले. मग म्हातारपणी माणसाला एखादी खोड लागते तशी गाडीलाही लागत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवल्यावर बरं वाटलं. गाडी चालत तर झकास होती.

३

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा सोललेला असतो, त्याला लोणी आणि हळद चोळायची, पळसाच्या पानाने शेकायचं, आणि मग बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, म्हणजे आमंत्रण. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय बैलाची सुटका नाही आणि घरच्यांचीही नाही.

शेजारच्या गोठ्यांतून घुंगरांचे आवाज येत होते. पळसाची पानं गरम झाल्याचा वास गल्लीभर पसरला होता. वामनराव ओट्यावरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. हात शिवशिवत होते. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातून लोण्याची वाटी उचलली, हळद घेतली आणि शेडात गेले.

तानाबाई मागोमाग आल्या, तर हा गृहस्थ गाडीच्या पुढच्या मडगार्डांना लोणी चोळतो आहे. मग मागची चोळली. डावीकडे तर दोनदा, कारण तोच खांदा दबलेला होता. तानाबाईंनी पदर तोंडाला लावला. लोक पाहतील, काय म्हणतील, असं त्या म्हणत होत्या, पण त्यांचे डोळे हसत होते. ते पाहून वामनरावांना आणखी चेव आला. त्यांनी मागचं डावं दार उघडलं, बैलाच्या कानाशी वाकावं तसे आत वाकले आणि रीतसर म्हणाले,

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

तानाबाई खळखळून हसल्या. असं हसू त्या घरात कितीतरी दिवसांनी ऐकू आलं होतं. त्या हसण्यात सीटची स्प्रिंग वाजली, ती वामनरावांनी ऐकली आणि न ऐकल्यासारखं केलं. एक मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं. बाहेर घाम काढणारी उमस होती आणि गाडीच्या आत वाकलेलं त्यांचं तोंड गार पडलं होतं.

४

पोळ्याच्या दिवशी तानाबाईंनी लग्नघरासारखा स्वयंपाक मांडला. पुरणपोळी, कढी, भजी, वड्याचा लाल रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा. आवतन दिलं आहे तर पान वाढायलाच हवं, असा त्यांनीच आग्रह धरला, आणि वामनरावांनी हसत हसत भरलेलं ताट गाडीपुढे नेऊन ठेवलं. मग दोघं तोरणाखाली जमलेले बैल पाहायला गेले.

परतले तेव्हा दिवस कलला होता. ताट रिकामं होतं. सांडलवंड नाही, ओढाताण नाही. पुरणपोळी संपली होती, कढीची वाटी कोरडी होती. रस्सा तेवढा जसाच्या तसा होता आणि ठेच्यालाही कोणी हात लावला नव्हता.

वामनराव म्हणाले मांजर असेल. मांजर कढी पितं का आणि वाटी पुन्हा जागेवर ठेवतं का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. तानाबाई ताटाकडे पाहत राहिल्या. मग ताट उचलता उचलता अगदी सहज म्हणाल्या,

“तिखट सोसलं नाई त्याले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव बादली घेऊन शेडात गेले आणि आनंदाने जागच्या जागी थबकले. गाडी सरळ उभी होती. ओळंबा लावून पाहावी इतकी सरळ. त्यांनी तिथूनच हाफिजमियाँना फोन लावून शाबासकी दिली. तेही खूश झाले, पाटा आता बसला असेल म्हणाले. त्या संध्याकाळी गाडी चालवताना ती हलकी वाटत होती, गतिरोधकावर मागचं अंग उडत होतं. इतके दिवस हवं तेच झालं होतं, तरी वामनरावांना गाडी रिकामी रिकामी वाटत राहिली, आणि तसं का वाटावं हे काही केल्या उमगेना.

घरातले दिवस मात्र बदलले. खिचडी बंद झाली. तानाबाई पहाटे उठून गुणगुणत कणीक मळायला लागल्या. दोन वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक, गोडाधोडाचं काहीतरी, आणि त्या स्वतःही पोटभर जेवायच्या. गालांवर पुन्हा तजेला आला. वामनरावांच्या मनावरचा दगडच उतरला. तक्रार करायला एकच जागा होती. भाजी फिकी व्हायला लागली. वऱ्हाडातल्या माणसाला असली भाजी म्हणजे आजाऱ्याचं पथ्य! एकदा ते तसं बोललेही. तानाबाईंनी ठेच्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि भाजी होती तशीच राहिली.

आणि पानं तीन वाढली जाऊ लागली. आलं-गेलं कोणी असावं म्हणून, असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. नंतर त्या काही म्हणाल्या नाहीत आणि वामनरावांनी विचारलं नाही.

५

बैठकीत एक बंगई आहे, सागवानी फळीची, साखळ्यांवर टांगलेली. रजतची ती बसायची जागा. वामनराव एकदा चष्मा शोधत आले तर बंगई एका अंगाला झुकलेली होती. डाव्या. साखळी करकरत नव्हती, वजन ठेवलेल्या साखळीसारखी ताठ होती. त्यांनी स्टूल आणलं, वरचा हूक पाहिला, कडी पाहिली. सगळं घट्ट. खाली उतरले तोवर फळी सरळ झाली होती आणि हळूहळू हलत होती. खिडकीतून वारा येतोय असं ते मोठ्याने म्हणाले. खिडकी लावलेली होती, हेही त्यांना दिसत होतं.

मग एका दुपारी ते आतल्या खोलीत पडले होते. गाव निजलेलं. बैठकीतून तानाबाईंचा आवाज येत होता. रजत लहानपणी नाल्यात कसा पडला, शाळेच्या स्नेहसंमेलनात कसा बोलायचंच विसरला, असं काहीबाही त्या रंगून सांगत होत्या. मध्ये थांबायच्या. ऐकत असल्यासारख्या थांबायच्या. मग “हो नं, तसंच,” म्हणून हसायच्या आणि पुढे सांगायच्या. रजतचा फोन आला असेल, असं वामनरावांना वाटलं आणि ते सुखाने कुशीवर वळले. वळताना उशीखालचा फोन त्यांच्या गालाला लागला. घरात फोन तो एकच.

ते उठले नाहीत. भीती वाटली म्हणून उठले नाहीत, हे खरं. पण पडल्या पडल्या आणखी एक गोष्ट त्यांना जाणवत होती आणि तिची त्यांना जास्त धास्ती वाटली. बायकोचं ते हसणं ऐकून त्यांना बरं वाटत होतं.

चार दिवस त्यांनी मनाशी झुंज घेतली आणि मग ठरवलं. नागपूरचे पूनमसिंग म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत, त्यांनी गाडी आधीच विकत मागितली होती. गाडी त्यांना द्यायची. गाडीबरोबर जे आलं ते गाडीबरोबर जाईल. आवडती गाडी द्यायला जीव तुटत होता, पण घरातलं माणूस त्याहून मोठं. रविवारी रजतचा फोन येतो, तेव्हा त्याच्या कानावर घालायचं.

शनिवारी दुपारी त्यांनी शेडाचं दार सताड उघडलं. गाडीचं मागचं डावं दार उघडलं आणि पाहुण्याला वाट द्यावी तसे बाजूला उभे राहिले. आपण काय करतोय याची त्यांना लाज वाटत होती. तरी घसा साफ करून ते अदबीने म्हणाले, की चला, मी पोचवून देतो. शेडात पालीशिवाय कोणी हललं नाही. सीट फुगलेली, कोरी होती. ते तसेच थांबले. उन्हात टिन तडतडत होतं.

मागे पाहिलं तर तानाबाई दारात उभ्या होत्या, ओल्या हातांनी. पूनमसिंगांबद्दल त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या भांडल्या नाहीत.

“आवतन तुमीच देलं,” त्या म्हणाल्या. “मी तं नुसती वाढून राह्यली.”

वामनराव काही बोलणार तोच तानाबाईंचा आवाज खाली आला.

“अजी, घर भरल्यावानी वाटते मले. एवढं काहाडून घेऊ नोका.”

वामनरावांना बायकोची दया आली, स्वतःचीही आली. त्यांनी गाडीचं दार लावलं. तो जड आवाज शेडात घुमला.

६

रविवारी जेवणाची वेळ आणि रजतचा फोन बहुधा एकदमच येतात. तिकडे तोवर संध्याकाळ झालेली असते. ऑक्टोबरचं ऊन अंगणात रटरटत होतं, वर पंखा पूर्ण जोरात फिरत होता, तरी वामनरावांच्या बनियनची पाठ भिजली होती. चटईवर पानं वाढलेली होती. एक त्यांचं, समोर तानाबाईंचं, आणि त्यांच्या डावीकडे तिसरं. वामनराव सहसा त्या बाजूला पाहत नसत.

फोन वाजला. रजतचा चेहरा दिसला, मागे तिकडची ओली, करडी खिडकी. मुलाने खुशाली विचारली. वामनरावांनी ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली, की तुझ्याशी गाडीबद्दल थोडं बोलायचं आहे. तेवढ्यात रजतने आईला दाखवा म्हटलं, म्हणून त्यांनी मागचा कॅमेरा लावून फोन फिरवला. चष्मा कपाळावर होता. फिरवताना पडद्याच्या कोपऱ्यात आपलंच घर दिसतं त्या लहानशा चौकोनात त्यांना चटई सरकताना दिसली, तिसरं पान दिसलं, आणि पानाशी टेकलेली, कोपरापाशी विरलेली एक जाड करडी बाही. मग तानाबाईंचं तोंड आलं, हसरं, घासाने भरलेलं.

“अरे, पाहुणे हायेत काय?” रजत म्हणाला. त्याच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. “मंग जेवा तुमी, मी मंग करतो. अन् आई, पंखा बंद कर नं. त्या बाबाजीले सोसत नाई वाटते, स्वेटर घालून बसले बिचारे.”

“हो, माह्या ध्यानातच नाई राह्यलं,” तानाबाई म्हणाल्या.

“बाबा, तुमी काई सांगत होते?”

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. तिने भाकरीचा मोठा तुकडा मोडला होता आणि वरणात बुडवत होती. काही महिन्यांमागे हीच बाई भरल्या ताटावर हात धुवून उठत असे. आत्ता विचारलं असतं तर पोराने सांगितलं असतं, कसे दिसतात, किती वयाचे आहेत, तोंड कसं आहे. नुसतं विचारायचा अवकाश होता.

“काई नाई,” ते म्हणाले. “गाडी मस्त हाय.”

फोन बंद झाला. तानाबाई उठल्या, भिंतीवरचं बटण दाबून आल्या आणि पुन्हा बसल्या. पंखा मंदावत मंदावत थांबला. तो थांबल्यावर घर इतकं शांत झालं की भाकरी चावल्याचा आवाज नीट ऐकू येऊ लागला. वामनरावांनी आपला घास तोंडाजवळच धरला. समोर तानाबाई तांब्या उचलून पाणी पीत होत्या.

चावण्याचा आवाज थांबला नव्हता. सावकाश, दात नसलेल्या माणसाचा, मन लावून जेवणाऱ्याचा आवाज होता तो. वामनरावांच्या डाव्या दंडावर थंडगार काटा उभा राहिला आणि कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी मान वळवली नाही. समोर बायको तृप्त होऊन पदराने तोंड पुसत होती.

त्यांनी वरणाची वाटी उचलली आणि न पाहता डावीकडे सरकवली.